बोर्डी आणि झरी

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा पाठ)



या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत 'वंचित बालके व कुटुंबे : मदतकार्य आणि विकासकार्य' हा विषय दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात घातलेला आहे. सकाळची वेळ जमिनीच्या आणि शेतमालाच्या भावाच्या प्रश्नांना मिळाली. ते योग्यही असेल. पण गेली कित्येक वर्षे मी अशी शिबिरे पाहत आलो आहे आणि मुलांचा विषय सकाळी घेतलेला मला आठवत नाही. तो नेहमी दुपारी येतो, श्रोत्यांचे डोळे जड झालेले असताना येतो, आणि अखेरीस 'महिला आघाडीने याचा पाठपुरावा करावा' एवढा ठराव करून आपण चहाला उठतो. आज तसे होऊ नये, एवढी सुरुवातीलाच विनंती.

मदतकार्याविषयी आपल्या चळवळीच्या मनात एक जुनी अढी आहे. दूधवाटप, कपडेवाटप, बालवाडी, आरोग्य शिबिर ही सज्जनांची कामे. आपले काम व्यवस्था बदलण्याचे, अशी विभागणी आपण करून टाकलेली आहे. उपाशी माणसाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला की त्याचा संताप थंडावतो आणि त्याचा लाभ अखेर सत्ताधाऱ्यांना होतो, असा युक्तिवाद आपण करतो. त्यात मुळीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मीही तो अनेक वर्षे केलेला आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो. खडी फोडण्याच्या कामांवर मजुरांना सुकडी वाटली जात असे. ही सुकडी म्हणजे तुटपुंजी मजुरी झाकण्याची युक्ती आहे, असे मी एका कामावर उभा राहून मोठ्या आवेशाने सांगितले. समोरच्या बायांनी शांतपणे ऐकून घेतले. दुपारच्या सुट्टीत मी पाहिले, तर त्यांच्यापैकी बहुतेकींनी आपल्या वाट्याची सुकडी तोंडात घातलीच नव्हती. ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. कारण घरी, किंवा तिथेच खडीच्या ढिगाआड, पोर होते. माझ्या भाषणात त्या पोराचा उल्लेख नव्हता. सरकारच्या हिशेबातही नव्हता. सुकडी कामावर राबणाऱ्या देहापुरतीच मोजलेली होती. टीकाकार आणि सरकार या दोघांनाही जे मूल दिसले नाही, त्याला त्या बाईने आपल्या पोटाला चिमटा घेऊन पोसले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरीवर नेमावे, अशी तरतूद झाली. ती प्रत्यक्षात किती कामांवर पाळली गेली, हे आपण आपापल्या तालुक्यात पाहिलेलेच आहे. ती पाळली जावी म्हणून आपण किती मोर्चे काढले, तेही आपल्याला ठाऊक आहे.

संघर्ष आणि सेवा यांच्यातील हा दुरावा आपल्या मनानेच कसा उभा केला आहे, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, १९४५ साली घेऊन जाणार आहे.

त्या वर्षी २३ मे रोजी झरी या गावी वारली आदिवासींची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने, किसान सभेच्या वतीने ती भरली होती. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या होत्या आणि त्याच जमिनीवर ते कूळ म्हणून राबत होते. जमीनदाराने हाक मारली की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर, त्याच्या घरी, विनामोबदला राबायला जावे लागे. ही वेठ. त्याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी शेपन्नास रुपये कर्ज काढले की नवराबायको दोघेही त्या सावकाराचे बांधील होत, आणि ते कर्ज फिटले असे सावकाराची वही कधीच म्हणत नसे. अशा घरात जन्मलेल्या मुलाचे बालपण कसे असणार? चालता येऊ लागले की ते मालकाच्या गुरांमागे. झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही असे ठरविले. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाचजण हुतात्मा झाले. परुळेकर दांपत्य कम्युनिस्ट होते. आपल्या परंपरेतील नव्हते. त्या काळात त्या डोंगरांत आपले लोक का पोहोचले नव्हते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

त्याच १९४५ च्या अखेरीस, झरीहून पायी एका दिवसात गाठता येईल अशा बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सोबत काम करून, नूतन बाल शिक्षण संघ आणि दादरचे शिशुविहार उभे करून त्या आलेल्या. त्यांच्या सोबतीला आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

या दोघींना बोर्डीला जे शिकायला मिळाले, ते आपण बारकाईने पाहिले पाहिजे. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुले तिथे येईनात. कोणाकडे अंगात घालायला कपडा नाही, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणी गुरांमागे गेलेले. आपल्यापैकी एखाद्याने अहवाल लिहिला असता, 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव'. ताराबाईंनी तसे लिहिले नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरविले. पाड्यावर जायचे, मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे काढायची आणि तिथल्याच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. शहरातली महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. या अंगणातल्या बालवाडीचे नाव अंगणवाडी. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येऊ शकत नाही हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, ती विकासवाडी. पुढे हे सारे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, ताराबाईंच्या पश्चात अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत, चालविले.

कुरणशाळा हा शब्द मला फार विचार करायला लावतो. आपण म्हणालो असतो, आधी पोराच्या हातातील गुरांची काठी सोडवा, मग पाटी द्या. ताराबाईंनी वाट पाहिली नाही. काठी हातात असतानाच पाटी दिली. परंतु गुरे मालकाची होती ती मालकाचीच राहिली, हेही तितकेच खरे. वेठ मोडण्याचे सामर्थ्य कोणत्याही बालवाडीत नव्हते. ती झरीच्या परिषदेने आणि तलवाड्याच्या पाच मृत्यूंनी मोडली. आणि वेठ मोडली म्हणून घरात सकाळचा वेळ शिल्लक राहू लागला, मूल अंगणात सापडू लागले. उलट बाजूने पाहा. वेठ मोडल्याने वारल्याचे मूल आपोआप अक्षर शिकले नाही, त्याच्या अंगावरची खरूज गेली नाही. तिथे रोज सकाळी पाड्यावर जाणारे कोणीतरी लागत होते. बोर्डी आणि झरी यांनी एकमेकींना किती ओळखले ते बाजूला राहू द्या. त्या मुलाला दोन्हींची गरज होती.

आणखी एक गोष्ट. गोदावरीबाई या लढ्यात येण्यापूर्वी भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत्या, साक्षरतेचे काम त्यांनी केलेले होते. म्हणजे त्या सेवाकार्यातून संघर्षाकडे आलेल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी ते या शिबिरातून घरी गेल्यावर वाचावे. आपल्या पक्षाचे नाही म्हणून टाळू नये.

आता आजच्या परिस्थितीकडे येतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी ही पहिली ठिकाणे होती. योजनेने नाव घेतले अंगणवाडीचे. ताराबाईंचा शब्द देशभर गेला. आज सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत, त्यांपैकी लाखाहून अधिक महाराष्ट्रात. हे मोठे यश आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण शब्द जसा प्रवास करतो तसा त्याचा अर्थ करीत नाही. ताराबाई-अनुताई स्वेच्छेने गेल्या होत्या. सरकारने त्यांची स्वेच्छा तेवढी उचलली आणि ती लाखो गरीब बायकांवर सक्तीची केली. अंगणवाडी सेविका 'मानसेवी' ठरविली गेली. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. केंद्राने ठरविलेले हे मानधन २०१८ मध्ये दरमहा ४,५०० रुपये झाले, मदतनिसाचे २,२५०. राज्य त्यात आपली भर घालते, तीही प्रत्येक वेळी रस्त्यावर आल्याखेरीज वाढत नाही.

न्यायालयांतही हीच विसंगती दिसते. डिसेंबर २००६ मध्ये, आठवड्याभराच्या अंतराने, सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आले. एकात म्हटले की अंगणवाडी कार्यकर्तीचे पद हे शासकीय सेवेतील पद नव्हे. दुसऱ्यात, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, सरकारला आदेश झाला की देशात चौदा लक्ष अंगणवाड्या उभ्या करा, आणि जिथे सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत त्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. केंद्र हा मुलाचा हक्क. केंद्र चालविणारी मात्र सरकारची कोणी नाही! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. हक्काचा दाता सरकार, पण वाढपी कोण? मानसेवी.

मार्च २०१८ मध्ये तर राज्य सरकारने या मानसेवी स्त्रियांना अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे मेस्मा, लागू केला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. जी कर्मचारीच नाही, तिला संपबंदी! ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. पोषणाची माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत होते आणि मोबाईलमध्ये ते चालत नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या मार्गावरचे हे महत्त्वाचे पाऊल आहे. आणि ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी बावन्न दिवस संप केला.

त्या संपाविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. आपण मोर्चात होतो, झेंडे घेऊन होतो, भाषणेही झाली. ते योग्यच होते. पण त्या बावन्न दिवसांत पाड्यावरच्या मुलांनी काय खाल्ले, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले? मी गेलो नव्हतो. संपावरील एक सेविका मला म्हणाली, "दादा, केंद्र बंद ठेवलं तर पोरांचं वजन उतरतं, चालू ठेवलं तर आमचं. सरकार दोन्ही वेळेला बसून असतं." तिने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. संपकरी स्त्री आणि उपाशी मूल यांना एकमेकांसमोर उभे करणे हा सरकारचा हुकमी डाव आहे. त्या दोघांना एका बाजूला उभे करणे हे आपले काम होते. गावातील आया, तरुण मंडळे, शिक्षक यांना एकत्र आणून, सेविकांच्या संमतीने, पाड्यापाड्यावर तात्पुरते जेवण शिजविता आले असते. आणि तेच जेवण तहसील कचेरीसमोर शिजविले असते तर मोर्चाला आणखी धार आली असती. अशा स्वयंपाकाला कोणी संपफोडेपणा म्हटले असते, कोणी भूतदया. तो वाद आपण चुलीशेजारी बसून मिटविला असता.

या साऱ्याचा मुलाच्या शरीरावर परिणाम काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने रोडावलेली मुले २५.६ टक्के, देशाचा आकडा १९.३. आपले राज्य श्रीमंत राज्यांत मोडते, हे येथे वेगळे सांगायला नको.

पुरवठ्याचा भ्रष्टाचार हा एक भाग आहेच. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. तरी राज्यातील घरपोच आहाराच्या २०१६ च्या निविदा त्याच न्यायालयाला २०१९ मध्ये रद्द कराव्या लागल्या. महिला बचत गटांच्या नावाआडून मोठे पुरवठादार कसे वावरतात, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही.

परंतु पाकिटे शुद्ध झाली म्हणून प्रश्न सुटणार नाही. कारण मूल त्या गावात राहतच नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हा मंत्र्यांच्या मोटारी त्या डोंगरात गेल्या, डॉक्टर गेले, धान्य गेले. मदत आवश्यकच होती. पण पावसाळा सरला, दिवाळी झाली, की त्या भागातील कुटुंबे आजही भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, बहुधा आजारपणात किंवा लग्नकार्यात. मूल आईबापांसोबत जाते. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव राहते, भट्टीजवळच्या अंगणवाडीच्या पटावर ते चढत नाही, आणि पाच-सहा महिने ते कोणाचेच नसते. पावसाच्या तोंडावर परतते तेव्हा सेविका त्याला काट्यावर ठेवते आणि त्याच्या नावापुढे तीव्र कुपोषणाची खूण करते. आपण कुपोषणाचा आकडा वाचतो तो या उचलीचाच आकडा असतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले की किरकोळ रकमेच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात कातकरी मुले दूरच्या तालुक्यांत मेंढ्या राखायला धाडली गेली होती. वेठबिगारीविरुद्धचा केंद्रीय कायदा १९७६ चा आहे. झरीच्या परिषदेला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती, आणि मूल पुन्हा कुरणावर होते, शाळेवाचून.

वसई तालुक्यात १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था निघाली, ती सेवादलाच्या संस्कारातून आलेल्या तरुणांनी विकासकार्यासाठी काढलेली. काम करू गेल्यावर त्यांना समोर वेठबिगार दिसला, आणि विकासाच्या कार्यकर्त्यांना बिगार सोडविण्यासाठी श्रमजीवी संघटना काढावी लागली. पुढे त्याच विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. त्या मंडळींच्या नंतरच्या राजकीय निर्णयांविषयी माझे मतभेद आहेत आणि ते मी अन्यत्र मांडलेले आहेत. पण कुरणशाळेची वाट चालत ते लोक भट्टीपर्यंत गेले, आणि आपण गेलो नाही, हे मान्य केले पाहिजे.

एक शब्द कंपन्यांच्या मदतीविषयी. नफ्याच्या दोन टक्क्यांचा कायदा २०१४ पासून लागू झाल्यावर अंगणवाड्या रंगू लागल्या आहेत. भिंतीवर ससा, हत्ती आणि कंपनीचे नाव. नाव हत्तीपेक्षा मोठे. रंग लागला, खेळणी आली, याचे मला वाईट वाटत नाही. मुलांना हत्ती आवडतो. माझी हरकत एवढीच की ज्या कंपनीच्या नावाने भिंत रंगते, तिच्याच इमारतीला वीट पुरविणाऱ्या भट्टीवर मूल बसलेले असेल, तर त्या मुलाला पाळणाघर देणे ही देणगी नसून देणे आहे. भट्टीमालकाकडे आणि बांधकामाच्या ठेकेदाराकडे हे मागायला कोणतीही सेवाभावी संस्था सहसा जात नाही, कारण तिची देणगी थांबेल. आपल्याला थांबण्यासारखे काही नाही. तेव्हा तिथे आपण गेले पाहिजे.

मी जिल्हा समितीला एक लेखी सूचना दिलेली आहे, तीच येथे वाचून दाखवितो. ज्या तालुक्यांतून स्थलांतर होते, तेथील शाखांनी भाद्रपदापासून सेविकेच्या सोबत पाड्यावर बसून, जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद करावी : सहा वर्षांखालील मुले किती, गरोदर बाई आहे काय, उचल किती व कोणाकडून घेतली, आणि भट्टी कोठे. भट्ट्यांच्या तालुक्यांतील शाखांनी ही यादी हाती घेऊन तेथील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावे आणि त्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीच्या पटावर चढवून घ्यावीत. जवळ अंगणवाडी नसेल आणि चाळीस मुले भरत असतील, तर २००६ च्या आदेशाची प्रत जोडून लेखी मागणी करावी व पोच घ्यावी. उचलीचे स्वरूप वेठबिगारीचे दिसले, तर प्रांताधिकाऱ्यांकडे १९७६ च्या कायद्याखाली अर्ज करावा. या नोंदी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम म्हणून टाकू नयेत. लिहिणारा हात आपला असावा.

हे काम कंटाळवाणे आहे. त्यात घोषणा नाहीत, वर्तमानपत्रात छायाचित्र येणार नाही. पाड्यावर संध्याकाळी जावे लागेल, कारण दिवसा माणसे भेटत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही दोन पाड्यांवर हा प्रयोग करून पाहिला. एकोणीस कुटुंबांची यादी केली. त्यांपैकी सात भट्टीवर शोधून काढता आली, उरलेल्यांनी भट्टी बदललेली होती. सापडलेल्या सातांतील चार मुलांची नावे पटावर चढली. तिघांच्या बाबतीत, ही मुले आमच्या प्रकल्पातील नाहीत, असे लेखी उत्तर मिळाले. ते उत्तर मी सोबत आणलेले आहे. सत्र संपल्यावर ज्या शाखांना या कामात यायचे आहे त्यांनी येथेच थांबावे, म्हणजे त्या उत्तरावरचे अपील आपण आजच लिहून काढू.